देठावरच्या गाठी

काकू: आणि पाणी? पाणी बदलताय ना ग्लासातलं?

काका: बदलतोय. तू स्वस्थ पड बघू.

काकू: खोटं बोलताना तुम्ही चष्मा पुसता. मघापासून पुसताय.

काका: धूळ बसलीय. दवाखान्यात केवढी धूळ ही.

काकू: सकाळपासून तीनदा फरशी पुसून गेल्यात इथली. बोला, माझ्या टोमॅटोच्या फांद्यांचं काय केलंत?

काका: अगं, उद्या तुझं ऑपरेशन आणि तुला आज फांद्या सुचतायत?

काकू: पोटातल्या गाठीचं डॉक्टर बघतील. फांद्यांना तुमच्याशिवाय कोण आहे? मूळ झाड वाळायला लागलं म्हणून तर येताना घाईघाईने तीन कापून ग्लासात ठेवल्या. त्याचं बी पेरून उपयोग नाही, भलतंच काहीतरी उगवतं. फांदीवरूनच टिकवलंय मी ते इतकी वर्षं.

काका: एक आहे.

काकू: एक आहे म्हणजे? बाकीच्या दोन?

काका: कुजल्या.

काकू: आठवड्यात? अहो, टोमॅटोची फांदी नुसती पाण्यात ठेवली की आपली आपण मुळं धरते. तिला काही म्हणजे काही करावं लागत नाही. तुम्ही काहीतरी केलंत.

काका: काही नाही केलं.

काकू: दुकानातलं भिंग घरी आणलंत का?

काका: आणलं.

काकू: तरीच. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला म्हणून दिसेल त्याचं मागचं झाकण उघडायचं का?

काका: ऐकून तरी घे. परवा पाणी बदलताना दिसलं, देठावर बारीक बारीक गाठी आल्या होत्या. पांढुरक्या. खालून वरपर्यंत. भिंग लावून नीट बघितलं. म्हटलं, आता ह्यांनाही तेच झालं.

काकू: मग?

काका: पात्याने खरवडून काढल्या. अगदी हलक्या हाताने गं. गंज काढतो ना, तशा.

काकू: सगळ्या?

काका: दोघींच्या. तिसरी हातात घेतली आणि पातं सटकून माझ्याच बोटात गेलं. म्हणून ती राहिली.

काकू: अहो, ती मुळं होती.

काका: मुळं कशी असतील? मुळं खाली येतात.

काकू: टोमॅटोच्या देठावर कुठेही येतात. आधी अशाच गाठी दिसतात, मग त्यातून मूळ फुटतं.

काका: मला काय ठाऊक? डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, काढायला हवी. तेवढंच डोक्यात बसलंय. आता जिकडे बघावं तिकडे मला गाठीच दिसतात. काल भाजी चिरताना कांदासुद्धा धरवेना हातात.

काकू: बरं, असू दे. झालं ते झालं. उरलीय ती तरी धड आहे ना?

काका: आहे. पिशवीत आहे.

काकू: कुठल्या पिशवीत?

काका: ही काय. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत घालून आणलीय. घरी एकटीला सोडून यायचा धीर होईना.

काकू: टोमॅटोच्या फांदीला बसमधून घेऊन आलात?

काका: खिडकीशी जागा मिळाली.

काकू: हसवू नका हो, पोट दुखतं. द्या इकडे. हे बघा, इथे फुटलंय पांढरं. दिसलं? आता नीट ऐका. घरी गेल्या गेल्या कुंडीत लावा. खालची पानं काढून टाका आणि देठ चांगला खोलवर मातीत जाऊ दे. पाणी घाला, सावलीत ठेवा. मग ती मान टाकेल.

काका: मान टाकेल?

काकू: टाकणारच. पाण्यातून मातीत गेल्या की पहिल्या दिवशी टाकतातच. पार लोळतात. बघणाऱ्याला वाटतं, संपलं.

काका: मग मी काय करायचं?

काकू: काही नाही.

काका: हळूच उपसून मुळं बघितली तर?

काकू: तर ती तुटतील आणि फांदी खरंच जाईल.

काका: मग जगली की नाही, ते कळायचं कसं?

काकू: उभी राहिली की कळेल.

काका: आणि तोवर?

काकू: तोवर भ्यायचं. मी तर दर वेळी भिते. पण हात लावायचा नाही.

काका: तुला उद्याची भीती वाटतेय का गं?

काकू: वाटतेय. डोळे मिटले की वाटतं, उद्या असेच मिटलेले राहिले तर? म्हणून झोपच येत नाहीये. तुमचा हात द्या जरा.

सिस्टर: काका, भेटायची वेळ संपली. आणि त्या बाटलीत काय आहे?

काकू: ती त्यांची सोबत आहे. निघालेच ते.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, ऑपरेशन झाल्यावर. काचेच्या दाराबाहेरचा बाक.)

सिस्टर: काका, चहा तरी घ्या. सकाळपासून असेच बसलाय.

काका: शुद्धीवर आली?

सिस्टर: अजून नाही.

काका: यायला हवी होती ना एव्हाना?

सिस्टर: हवी होती. पण वय आहे, काहींना वेळ लागतो. गाठ पूर्ण निघालीय. डॉक्टर म्हणाले, वाट बघू.

काका: हाक मारून बघितलीत?

सिस्टर: बघितली. तुम्ही येता का आत, दोन मिनिटं? हलवायचं मात्र नाही हं.

काका: कशी दिसतेय?

सिस्टर: तुमच्याशी खोटं कशाला बोलू? गळून गेल्यात. मान एका बाजूला पडलीय.

काका: पहिल्या दिवशी टाकतातच.

सिस्टर: काय म्हणालात?

काका: काही नाही. सकाळी निघालो तेव्हा कुंडीतली पार लोळली होती. तशीच ठेवून आलोय.

सिस्टर: येताय ना मग?

काका: येतो. पण सिस्टर, आत गेल्यावर माझे हात तेवढे धरून ठेवा.