टेबलावरचा लवणस्तंभ

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय काळुराम पाटीलसाहेब, मुख्याध्यापिका मृणालीताई, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, जित्यापासून रोह्यापर्यंतच्या गावांतून आलेले पालक आणि माझ्या मुलामुलींनो,

भूगोलाच्या संध्याबाईंबद्दल आपण सगळे इतकं गोड बोललात, की क्षणभर वाटलं, ही कोण बाई, एकदा भेटायला हवी! शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, मनापासून आभार. एवढं म्हणून मी बसणारच होते. पण आत्ता आपल्या माजी विद्यार्थ्याने, निकेशने, सर्वांसमोर या टेबलावर जे ठेवलं, त्याविषयी न बोलता मला खाली बसवत नाही.

आपल्या शाळेची रीत तुम्हाला ठाऊक आहे. कोणी गावाला गेलं, की बाईंसाठी दगड आणायचा. पेढे नकोत, दगड हवा. निडीच्या ओढ्यातला गोटा आला, कोणाच्या मामाकडचा जांभा आला. कपाट भरलं. आमच्या शिपाई धोंडुबाई फडकं मारताना म्हणायच्या, "अवो बाई, एवढ्या दगडांत माझ्या घराचं जोतं झालं असतं!"

निकेश आता वडखळला कंपनीत शिफ्ट करतो. परवा मित्रांबरोबर दक्षिणेत चुनखडीची गुहा बघायला गेला आणि तिथून हा छताला लोंबणारा हातभर लवणस्तंभ घेऊन आला. मघाशी माइकवर काय म्हणाला? "बाई, खाली पडलेला नाय हाय, वरून तोडलाय. दोघं लटकलो तवा निघाला." तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की हा कपाटात कुठल्या फळीवर मावेल?

मग लाज वाटली. अजून वाटते आहे.

मिठागराच्या चौकीचा दगड मी तुम्हाला दाखवला होता, आठवतो? खारं पाणी आत मुरतं, सुकतं, आत मिठाचे खडे धरतात आणि दगडाचे पोपडे सुटतात. हे विदारण. चुनखडीचं तंत्र वेगळं. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला वायू घेऊन किंचित आंबट होतं, चुनखडी विरघळवत भेगांतून उतरतं, डोंगर आतून पोखरतं आणि गुहेच्या छताला थेंब होऊन लटकतं. थेंब पडतो, चुन्याचा कण मागे राहतो. बोअरच्या पाण्याने पातेल्याला पांढरा थर धरतो ना, तसंच. असा हातभर खांब व्हायला हजारो वर्षं जातात.

हे सगळं निकेशला तोंडपाठ होतं, पेपरात पैकीच्या पैकी! तरी तो लटकला. कारण बाई खूश होतील, अशी त्याची खात्री होती. आणि बाई झाल्याच की खूश! दगड कुठून आणलास, हे मी प्रत्येकाला विचारलं. तो तिथेच राहू द्यायला हवा होता का, हे एकालाही विचारलं नाही.

निकेश, मान खाली घालू नकोस, बाळा. तुझ्या मायेत खोट नाही, लाज माझी आहे. हा खांब आता परत जोडता येणार नाही. शाळेच्या कपाटात ठेवा. प्रत्येक दगडाखाली आणणाऱ्याचं नाव लिहायची आपली पद्धत आहे. याच्याखाली निकेशचं नाव नको. 'संध्याबाईंसाठी तोडला' एवढंच लिहा.

अध्यक्षमहाशय, आपण सर्वांनी दिलेल्या प्रेमाची मी ऋणी आहे. निरोपाच्या दिवशी कडू बोलले, काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. आणि एक शेवटची विनंती, मी बसताना टाळ्या वाजवू नका.