शशिकांत, चिलर आणि गारठ्यातले मासे

...नाही, मला एक सांगा, ज्या माशाला ऊन सोसत नाही तो मासा सौदीत आणायचाच कशाला? पण आणला! आमचा शशिकांत, देवगडचा एसी मेकॅनिक, खमीस मुशैतला कामाला. त्याचा कफील, म्हणजे तिथला मालक, अबू फहद परदेशात कुठेतरी ट्राउट मासे धरायला शिकून आला, आणि आला तो वेडा होऊनच आला! शेतावर खोदली की नदी! खडी टाकली, धबधबा केला, पाणी गार ठेवायला मोठा चिलर बसवला आणि तो चिलर बांधला शशिकांतच्या गळ्यात!

बरं, मासे धरायची तऱ्हा तरी बघा! गळाला गांडूळ नाही, कोळंबी नाही... पिसांची खोटी माशी! ती पाण्यावर नाचवायची, मासा फसला की हातात धरायचा, कौतुक करायचं आणि परत सोडून द्यायचा! सोडून! तव्यापर्यंत न पोचणारा मासा देवगडच्या माणसाने जन्मात पाहिला नव्हता. पण नोकरी म्हणजे नोकरी. फोन वाजला की अबू फहदचा एकच सवाल, "शशी, मोया कितना?" मोया म्हणजे पाणी, आणि कितना म्हणजे किती गरम. सकाळी मोया कितना, जेवताना मोया कितना... बायको दमयंती गावाहून विचारायची, "जेवलात का?" तर हा म्हणायचा, "अठरा!"

अठरापर्यंत मासे मजेत हो. विशीच्या वर गेलं की पाण्यातली हवा कमी होते, मासा धापा टाकायला लागतो, आणि अशात गळाला लागला तर सोडला तरी मरतो. आणि तुम्हाला सांगतो, ऑगस्ट सरत आलेला, अबू फहदला मासे धरायला शिकवणारा परदेशी म्हातारा संध्याकाळी पाहुणा म्हणून येणार, आणि नेमका त्याच दुपारी चिलर... ठप्प!

बाहेरची जाळी धुळीने बुजलेली, कंप्रेसर तापून लाल! शशिकांत पाइप घेऊन जाळी धुतोय, ड्रायव्हर जलाल पिकअप भरभरून बर्फ आणतोय, दोघं लाद्या पाण्यात ढकलतायत, आणि मासे? सगळे धबधब्याखाली तोंडं वासून गोळा! एकोणीस... वीस... बावीस! आणि फोन. "शशी, मोया कितना?" याच्या तोंडून निघून गेलं, "अठारा, बाबा!" जलालच्या हातातली लादीच निसटली. "अरे भाई, मरवाएगा क्या?"

चिलर सुरू झाला हो, झाला! पण एवढी नदी काय लगेच निवते? तोवर गाडी दारात! पाहुणा गळाची काठी जोडतोय, अबू फहद "यल्ला, यल्ला!" म्हणत चला-चला करतोय, आणि शशिकांत बघतोय त्या धापा टाकणाऱ्या माशांकडे. सगळा उन्हाळा ज्यांचा ताप मोजला ते आता डोळ्यांदेखत मरणार? आणि तुम्हाला सांगतो, हा बहाद्दर बुटांसकट पाण्यात उतरला! दोन्ही हात पसरून ओरडला, "बंद! आज बंद! मोया बावीस!"

"तुम बोला अठारा!"

"झूठ बोला, बाबा. मच्छी मर जाएगा."

अबू फहदची दाढी थरथरतेय. शशिकांतला डोळ्यांपुढे कायमचं घरी पाठवायचा शिक्का दिसतोय... खलास! एवढ्यात म्हातारा खाली वाकला, पाण्यात हात बुडवला, बराच वेळ तसाच ठेवला, आणि निमूटपणे काठी सोडवून पिशवीत घातली. म्हणाला, "असल्या पाण्यात आमच्याकडेसुद्धा कोणी गळ टाकत नाही. हा माणूस बरोबर बोलतोय. पहाटे बघू."

पहाटे पाणी गार. एक मासा लागला, म्हाताऱ्याने तो ओल्या हाताने सोडवला, आणि मासा शेपटी मारून सुळकन पसार! म्हातारा हसला, अबू फहद हसला, आणि शशिकांत... त्याला हुंदकाच आला हो! माशापायी! देवगडचा माणूस!

अबू फहदने त्याला मिठी मारली. "शशी, तू नंबर वन! मेरा भाई भी नदी बनाता है, रियाध में. मैं बोला, शशी ले जाओ!"

रियाध! जिथे ऑगस्टात गार पाण्याचा नळ सोडला तरी अंग पोळतं!

गेला बिचारा. परवा मी फोन केला, म्हटलं, "काय रे शशी, मोया कितना?"

म्हणाला, "पावडर, साखर घेऊन ये. चहाच होईल."