आठ ते बारा

आमी मूळचे उदगीरकडचे, पन ते मूळ आता फक्त सांगायला. माझे आजे निजामाच्या काळात शेत सोडून हैदराबादला आले ते अंबरपेठेतच राहिले, मी इथंच जन्मले, तेलुगू शाळेत चार बुकं शिकले, घरात मराठी, बाजारात हिंदी आन् भांडनात तिन्ही. नाव शांताबाई. धंदा पोळ्यांचा. हिमायतनगरच्या मोठ्या घरांमधी माझ्या पुरनपोळ्या जातात, तिकडच्या अम्मा त्याला भक्षालू म्हनतात. काय म्हनायचं ते म्हना, खाल्ल्यावर बोटं चाटतात का न्हाई बोला.

हां, तर रेखाचं सांगत होते. रेखा माझी सून, भालकीची. तिला बघायला मीच गेलते. तिच्या बापानं हात जोडले, म्हनले, पोरगी हुशार आहे, बारावी झाली, पुढं तेवढं शिकवा. मी म्हनले, डिग्री करंल, माझा शब्द. शब्द द्यायला काय जातं हो, चहा पिता पिता देऊन टाकला. पाळायची वेळ आली तेव्हा कळलं.

लग्न झालं, अन्वी झाली, नात सहा महिन्यांची झाली तसं रेखाचं नाव बी.कॉम.ला घातलं. माझा विनोद, रेखाचा नवरा, आबिड्सला कुरिअरच्या गोदामात, सकाळी सातलाच जातो. मंग लेकराला सांभाळनार कोन, मी. आन् काय सांगू तुम्हाला त्या कॉलेजची तऱ्हा! सोमवारी नऊला तास, मंगळवारी दोनला, बुधवारी अकराला एक आन् चारला एक, मधले घंटे पोरीनं काय करायचं, तर झाडाखाली बसायचं. ते पन दर हप्त्याला बदलायचं, ऐन वेळेला फोनवर मेसेज. मी तवा चढवला की हिचा तास, मी तवा उतरवला की हिला सुट्टी. तापला तवा आन् रांगतं लेकरू एका घरात जमतं का? एकदा अन्वीचा हात तव्याला लागता लागता राहिला. त्या दिवशी मी लई बोलले, कॉलेज आहे का धर्मशाळा, म्हनले. रेखा घरी राहायला लागली. हजेरी भरली न्हाई, परीक्षेला बसू दिलं न्हाई. पोरीनं पुस्तकं फडक्यात बांधून माळ्यावर टाकली. भांडली असती तर बरं झालं असतं. शब्द माझा होता ना.

वर्षानं कॉलेजातून फोन आला. नव्या प्रिन्सिपॉल मॅडम आलत्या, त्या स्वतः, कॉलेज सोडून गेलेल्या एकेकीला फोन लावत होत्या. म्हने, ये परत, आता तुझे सगळे तास सलग, सकाळी आठ ते बारा, सोमवार ते शुक्रवार, वर्गात कायम तीच पोरंपोरी, डिग्री हातात पडेपर्यंत हे हलनार न्हाई. मी म्हनले, बोलाचाच भात आन् बोलाचीच कढी. पन रेखानं तासांचा कागद आनला, फ्रिजवर चिकटवला, आन् मी पन ठरवलं, बाराच्या आत तवा चढवायचा न्हाई.

आन् मॅडमनं पाळलं हो! काय बाई आहे, एवढीशी, माझ्या खांद्याला लागंल, पन कुनाची टाप न्हाई तास हलवायची. एक जुने सर होते, त्यांना जेवून झाल्यावर शिकवायची सवय, ते अडून बसले. मॅडम म्हनल्या, सर, तुमच्या वर्गातली निम्मी पोरं दुपारी दुकानात उभी राहतात, त्यांना परेशान करू नका, तुमीच सकाळी या. आले की मुकाट्यानं! रेखा हे सांगायची तेव्हा मी पीठ मळता मळता हसायची.

मंग एक दिवस माझ्यावरच आलं. माझं जुनं गिऱ्हाईक, एक अम्मा, त्यांच्याकडं गृहप्रवेश, दोनशे भक्षालू, सकाळी दहाला गरम पाहिजेत. मी सवयीनं हौ म्हनले. रेखाला म्हनले, उद्या राहा घरी, एका दिवसानं काय होतंय. पोरगी कधी उलट बोलत न्हाई, त्या दिवशी बोलली. म्हनली, आत्याबाई, मॅडमनं दोन वर्षांत एक तास हलवला न्हाई, आन् आपन हलवायचा? मला असा राग आला, पोळपाट आपटला. पन राग कशाचा, पोरगी खरं बोलली त्याचा. अम्माला फोन लावला, म्हनले दहाला जमत न्हाई, दीडला देते. अम्मा म्हनल्या, मंग राहू द्या. आजपर्यंत परत आल्या न्हाईत. गेल्या उडत.

रेखा पास झाली, फर्स्ट क्लासमधी. मी डबाभर पोळ्या घेऊन कॉलेजात गेले. मॅडमनं डबा उघडला, वास घेतला, तोंडाला पानी सुटलं त्यांच्या, मला दिसलं. तेवढ्यात घड्याळ बघितलं आन् झाकन लावलं. म्हनल्या, माझा तास आहे, बाराला खाते. दुसरी कोनी असती तर मी डबा उचलून आनला असता. त्यांच्या पाया पडावं वाटलं मला.

आता रेखा हिमायतनगरला एका ऑफिसात लागली, संध्याकाळी सहाला येते. पहिल्या दिवशी बाराला बघते तर अन्वी उंबऱ्यात बसलेली. तान्ही होती तेव्हा आई गेली की दिवसभर रडायची, कारन आई कधी येनार ते मलाच ठाऊक नसायचं तर तिला काय सांगू. आन् ह्या तीन वर्षांत एक दिवस रडली न्हाई. घड्याळाचे दोन्ही काटे वर गेले की मम्मी, एवढं तिला पाठ. मी तिला जवळ घेतलं, म्हनले, बाळा, आता एक काटा वर आन् एक खाली, तेव्हा मम्मी. तिनं विचारलं, रोज? मी म्हनले, हौ, रोज. उठली आन् खेळायला गेली.

देव त्या मॅडमचं भलं करो. उठते मी आता, बारा वाजले, अन्वी मोठी झाली तरी वेळ तीच, तवा चढवायचाय.