राणीच्या लांब बाह्या

— भांडी राहू देत गो सुनंदा, बस. तिथे नको, पायरीवरच बस, आणि चहा ओतलाय तुझ्या कपात, तो खिडकीतला घे. हां — तर तुझ्या दीक्षाची कादंबरी वाचली मी. वाचनालयाच्या स्पर्धेला परीक्षक मीच ना, पहिली येईल ती छापणार आहेत — सांगितलं असेलच तिने तुला. हसतेस काय, अजून मी काही बोलले नाहीये. दापोलीला शेतकी शिकायला पाठवलीस ना तिला? मग कलमं बांधायची सोडून हे काय — कातळावर राणीचं शहर, खाली वाडी, आणि वाडीतल्या मुलींच्या हातात पाण्याची जादू, बोट उचललं की विहीर भरून वर येते. वरच्या बायकांकडेही होती म्हणे ती जादू, पण नवऱ्यांनी चटके देऊन देऊन घालवली. आणि राणी दासीला वेगळ्या कपात चहा देते, खिडकीत ठेवलेल्या — खाली का ठेवलास? पी ना. वाईट वागवलं का मी तुम्हाला? दीक्षाला दहावीची पुस्तकं कोणी दिली? आमच्या मनस्वीचे फ्रॉक कोणी दिले? मीच ना. तर कपाचं मी सोडूनही दिलं असतं. वाचताना भात लागला तरी उठले नाही, खोटं कशाला बोलू — मनस्वीला एवढे क्लास लावले, तिला एक पान लिहिता यायचं नाही असं.

पण ती राणी ऐन वैशाखात मनगटापर्यंत बाह्या घालते, हे कुठून सुचलं गो तिला? असलं सुचत नाही. माझ्या हाताला कोकमतेल कोणी लावलं होतं? तूच ना? गरम पाणी सांडलं म्हटलं मी, तर मान हलवलीस — मला वाटलं, पटलं तुला. आणि घरी जाऊन पोरीला सांगितलंस. बरं, शेवटी त्या दासीच्या पोरीने राणीला मारलं असतं तरी चाललं असतं मला. मारलंन नाही. भर दरबारात राणीची बाही वर केलीन आणि फुंकर घातलीन. माझ्यावर. तुमच्या घरातल्या पोरीने माझी कीव करायची?

रडू नकोस, रडून काही व्हायचं नाही. बाद केली मी ती. शेऱ्यात लिहून दिलंय — भाषा गावठी, कथा दुसऱ्याची ढापलेली. आता त्या वाचनालयात तिचं कोणी काही हातात धरणार नाही. आणि खोटं कुठे लिहिलंय मी? ढापलेलीच आहे, माझ्याकडून.

हळू, हे उठतील — उठले बघ, तांब्या आपटतायत. आले हो, आले — कोणी नाही, सुनंदा आहे, चहाच ठेवतेय. — बाहीकडे काय बघतेस? आजचं नाही ते, परवाचं आहे. ऊठ. उद्यापासून येऊ नकोस, आणि तो कप घेऊन जा, इथे ठेवू नकोस. पुढून नको, ओटीवर बसतील आता हे — मागच्या दाराने जा.