अडखळणारं ग्राफिक्स कार्ड

अरे, जर्मनीत शिकून परत आलो तेव्हा मी ठरवलं होतं, चाकण पट्ट्यातल्या प्रत्येक पोराला कॉम्प्युटर शिकवायचा. सुरुवात महाळुंग्यात राहणाऱ्या माझ्या चुलतभावापासून, संकेतपासून केली. संध्याकाळी सातला त्याची ऑनलाइन स्पर्धा होती आणि नवंकोरं ग्राफिक्स कार्ड असूनही गेम दसऱ्यापासून अडखळत होता.

"दादा, सातच्या आत होईल ना?"

"निवांत राहा रे!"

मी ड्रायव्हर बदलला, सगळी सेटिंग खाली आणली. गेम तसाच अडखळत होता. साडेसहाला काका कंपनीतून आले. ते मेंटेनन्सला आहेत. त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याला नुसता हात लावला.

"लय तापलंय. आतून उघडून बघितलं का?"

"अजून नाही."

काकांनी झाकण काढलं, तर कार्डाच्या पंख्यात झेंडूच्या पाकळ्या गच्च बसलेल्या! खंडेनवमीला काकूने घरातल्या सगळ्या यंत्रांसोबत यालाही हार घातला होता, नेमका वरच्या जाळीवर. पाकळ्या काढल्या आणि गेम सुसाट पळाला. संकेत सातच्या ठोक्याला खेळायला बसला.

काकूने मला विचारलं, "तिकडं जर्मनीत मशिनीला हार घालत न्हाईत व्हय?"

"नाही, काकू."

"मग तुला कसं कळणार, बाळा!"