प्रश्नचिन्हांचा टॉवेल

टॉवेलवरून आठवलं. आमच्या मामाच्या कारखान्यात आहेराच्या टॉवेलवर नवरा-नवरीची नावं विणतात. ऑर्डरीतली नावं वाचणारा एक प्रोग्राम, त्यांची नक्षी करणारा दुसरा, दोन्ही माझेच. स्क्रीनवर नावं चोख दिसायची, पण एकाकडून दुसऱ्याकडे गेली की त्यांची प्रश्नचिन्हं व्हायची. सांगोल्याच्या एका लग्नाचा नमुना तसाच विणून आला.

नमुना बघायला कारखान्यात आलेली नवऱ्याची आई म्हणाली, "असू दे की. नवरीचं नवं नाव अजून कुटं ठरलंय?"

नवरी शेजारीच उभी होती. म्हणाली, "मग आत्या, ह्यांचंबी नवं ठरवू की. तितंबी प्रश्नचिन्हंच हायत."

मी दोन्ही प्रोग्रामना अक्षरं साठवायची एकच पद्धत, यूटीएफ-आठ, लावली. टॉवेल झकास निघाले, आणि नावं दोघांचीही होती तीच.