पिशोरनंतरची मोकळी जागा

(वाळूज. कारखान्याचं वाहतूक ऑफिस. दुपार.)

कारभारी : माझी सून रोज कारखान्याच्या बसनं कामाला येती, अन् तुमची यादी म्हणती पिशोरला माणूसच नाय?

यास्मिन : माणसं आहेत, कारभारीमामा. एकोणचाळीस. त्यांच्यापुढं थांब्याचं नाव येत नाही.

कारभारी : आधी येत व्हतं की.

यास्मिन : आधी प्रोग्रॅम एकेका कामगाराचा थांबा डेटाबेसला वेगळा विचारायचा. नऊशे कामगार, नऊशे खेपा. यादी उघडता उघडायची नाही. म्हणून सोमवारी मी ईगर लोडिंग लावलं. सगळे थांबे एकाच खेपेत येतात, मग प्रोग्रॅम नावाला नाव जुळवतो.

कारभारी : अन् त्या खेपेतून आमचं गाव खाली पडलं!

यास्मिन : तसंच झालं. थांब्यांच्या तक्त्यात 'पिशोर'ची पाच चिन्हं आहेत. कामगारांच्या नोंदीत सहा.

कारभारी : सहावं कुठलं?

यास्मिन : शेवटी मोकळी जागा आहे. या नोंदी कुणी भरल्या?

कारभारी : आमच्या गावच्या म्याच भरल्या. मोबाईलवर. इंग्रजी अक्षरं दाबायची, मंग स्पेस दाबली की मराठी व्हतं. त्याबिगर व्हतच नाय.

यास्मिन : ती स्पेस नावाला चिकटली. नावं जुळवताना डेटाबेस ती मोजत नव्हता. प्रोग्रॅम मोजतो.

कारभारी : म्हंजे चूक माझीच.

यास्मिन : नाही. मी बदल केल्यावर दहा नोंदी तपासल्या. दहाही शहरातल्या निघाल्या, त्यांत ही स्पेस नव्हती. तेवढ्यावर थांबले.

कारभारी : आता दुरुस्त व्हईल?

यास्मिन : झालं. बघा, एकोणचाळीसच्या एकोणचाळीस. ही तुमची सून, दीपमाला. थांबा, पिशोर.

कारभारी : लई बेस! साहेबाला धाडा लगेच.

यास्मिन : धाडलं... हे आलं उत्तर.

कारभारी : वाचा की.

यास्मिन : 'पिशोरला प्रवासी शून्य दिसले म्हणून सकाळीच ती बस उद्यापासून दुसऱ्या मार्गाला दिली. सही झाली. आता पुढच्या वर्षी बघू.'

कारभारी : एष्टीनं पहिली पाळी गाठता येत नाय, बाई. दारात बस हाय म्हणून घरचे व्हय म्हणले व्हते तिच्या कामाला. तेबी मी लई समजावलं तवा.

यास्मिन : मी पुन्हा लिहिते साहेबांना.

कारभारी : ल्ह्या. बंद उद्यापासूनच ना?

यास्मिन : हो.

कारभारी : मंग आज तिला काय सांगू नगा. आज येऊ द्या घरी खिडकीपाशी बसून.